देश सोडलेल्या कुटुंबाची कबर

अभ्यासपाठ
शास्त्रभाग : इब्री लोकांस पत्र, अध्याय ११, वचने ८ ते १६, अध्याय १३, वचने १ ते ३.

जर्मनी देशात नेकर नदीच्या काठी हायडेलबर्ग नावाचे जुने शहर आहे. तेथे संत पेत्राच्या नावाचे एक प्राचीन उपासनामंदिर असून पूर्वी त्याच्या आवारात कबरस्तान होते. त्या शहरातील विद्यापीठाचे पुष्कळ अध्यापक त्याच भूमीत विसावा घेत आहेत. या मंदिराच्या जुन्या स्मृतिशिलांत एक शिला आहे, तिच्याविषयी या पाठात विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

शिलेवरील लेख लॅटिन भाषेत आहे. प्रथम अमर देवाचे नाव आहे. मग असे सांगितले आहे की, ही शिला मांटुआ गावच्या फुल्व्हियो मोराटो या विद्वान गृहस्थाची कन्या व आंद्रेआस ग्रुंटलर या वैद्याची पत्नी ऑलिंपिया मोराटा हिच्या स्मरणार्थ उभारिली आहे. तिची बुद्धी, ग्रीक व लॅटिन या दोन्ही भाषांतील तिचे प्रावीण्य, तिचे शुद्ध आचरण व तिची भक्ती ही सामान्य मापाहून अधिक होती. आणि तिच्या शांत मरणाने लोकांच्या या मतास जणू देवाचीही साक्ष मिळाली. शेवटी लिहिले आहे की, देश बदलल्यावर इ. स. १५५५ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी ती मरण पावली, व पती आणि भाऊ एमिलियो यांजसह ती येथे पुरली आहे.

"देश बदलल्यावर" एवढेच मोजके शब्द! पाषाणावर जागा थोडी असते. परंतु त्या शब्दांच्या आड केवढी वाट दडली आहे, आणि त्या वाटेवर कोणी दार लाविले व कोणी उघडिले, हे शिला सांगत नाही. ते या बाईच्या पत्रांवरून आम्हांस कळते. वाचकांनी ती हकिकत लक्षपूर्वक वाचावी अशी आमची विनंती आहे.

१. फेरारा येथील घर

ऑलिंपियेचा जन्म इटली देशात फेरारा शहरी १५२६ साली झाला. तिचा बाप दरबारात राजपुत्रांचा शिक्षक होता. मुलीस शिकविणे व्यर्थ आहे असे मानणाऱ्यांपैकी तो नव्हता. त्याने आपल्या मुलीस लहानपणापासून लॅटिन शिकविले, आणि पुढे तिला ग्रीक भाषाही उत्तम येऊ लागली. फेराराच्या ड्यूकची पत्नी रेने ही फ्रान्सच्या राजाची कन्या असून धर्मसुधारणेस अनुकूल होती. सुप्रसिद्ध कॅल्विन हा १५३६ साली तिच्या दरबारी येऊन गेला होता. रेनेने आपली कन्या ॲना हिची सोबतीण म्हणून ऑलिंपियेस राजवाड्यात घेतले. तेथे दोघी मुली एकत्र शिकल्या. सोळा वर्षांची होण्यापूर्वीच ऑलिंपिया विद्वानांपुढे सिसरोच्या ग्रंथावर व्याख्याने देऊ लागली होती.

याच सुमारास मोराटोच्या घरी एक पाहुणा आला. त्याचे नाव चेलिओ सेकोंदो क्युरियोने. सुधारलेल्या मतामुळे तो पूर्वी तुरुंगातून पळाला होता व गावोगाव फिरत होता. अशा मनुष्यास घरात ठेवणे सोपे नव्हते. तरी मोराटोने त्यास आसरा दिला. त्या पाहुण्याच्या तोंडून घरातील मंडळीने सुवार्तेविषयी पुष्कळ ऐकिले. १५४२ साली रोम येथे धर्मचौकशीची कचेरी, जिला इन्क्विझिशन म्हणत, नव्याने स्थापन झाली, व त्याच वर्षी क्युरियोने आल्प्स पर्वत ओलांडून स्वित्झर्लंडात निघून गेला. मोराटोने दिलेल्या या आसऱ्याची आठवण वाचकांनी मनात ठेवावी. पुढे तिचे फळ दिसेल.

१५४८ साली बाप मरण पावला. त्याच वर्षी राजकन्या ॲना हिचा विवाह फ्रान्सच्या गीझ घराण्यात होऊन ती दूर गेली. मग दरबारची मर्जी फिरली व ऑलिंपियेस राजवाड्याबाहेर काढण्यात आले. घरी विधवा आई, तीन बहिणी व एक लहान भाऊ. जी काल राजकन्येच्या पंक्तीस बसत होती, ती आज घरच्या भाकरीची काळजी करू लागली. तिने पुढे लिहिले आहे की, ही हानी तिच्या हिताची ठरली. राजवाड्यात ती पुस्तकांत रमली होती, संकटात ती देवाच्या वचनाकडे वळली.

या वेळी फानीनो नावाचा एक भटारी, फाएंझा गावचा, सुवार्ता सांगितल्यावरून फेरारा येथे तुरुंगात होता. ऑलिंपियेची मैत्रीण लाविनिया हिने त्याच्या सुटकेसाठी खटपट केली, पण ती व्यर्थ गेली. १५५० साली त्यास मृत्युदंड झाला. आता या शहरात उघडपणे विश्वास धरून राहणे शक्य नव्हते.

२. निघणे

आंद्रेआस ग्रुंटलर हा जर्मनीतील श्वाइनफुर्ट गावचा तरुण, वैद्यकी शिकण्यास फेरारा येथे आला होता. १५५० च्या सुमारास त्याचा व ऑलिंपियेचा विवाह झाला. मुलीस राजदरबारचे पाठबळ उरले नव्हते व हुंड्याची आशा नव्हती, तरी त्याने तिला पत्करिले. त्याच वर्षी नवरा-बायको आल्प्सपलीकडे जर्मनीस निघाली. आठ वर्षांचा भाऊ एमिलियो त्यांनी बरोबर घेतला. त्यास शिकवावे व सुरक्षित ठेवावे असा बहिणीचा विचार होता. आई व बहिणी इटलीतच राहिल्या. ऑलिंपियाबाईस त्या पुन्हा कधी भेटल्या नाहीत.

वाटेत औग्सबुर्ग व व्युर्त्सबुर्ग येथे ओळखीच्या घरी त्यांचा मुक्काम झाला. मग ती तिघे श्वाइनफुर्ट येथे राहिली. ग्रुंटलर तेथे वैद्यकी करी. बाई घर सांभाळून भावास व एका स्नेह्याच्या मुलीस शिकवी, आणि दावीदाच्या काही स्तोत्रांचे ग्रीक पद्यात रूपांतर करी. तिचा पती त्यांस चाली लावी. घरात ग्रंथांचा चांगला संग्रह झाला होता.

एकदा ऑस्ट्रियातील लिंझ शहरी ग्रुंटलरास चांगल्या पगाराची जागा मिळत होती. बाईने मध्यस्थास पत्र लिहून आधी एकच गोष्ट विचारिली: तेथे आम्हांस आमचा विश्वास उघडपणे पाळता येईल काय? तसे होणार नाही असे दिसताच त्यांनी ती जागा नाकारिली. वाचकहो, पैशाची अडचण असलेल्या घराने पगाराआधी हा प्रश्न विचारावा, याचा आपण विचार करावा.

३. आग

१५५३ साली आल्ब्रेख्त नावाच्या एका लढवय्या सरदाराने श्वाइनफुर्ट शहर व्यापिले. त्याच्या शत्रूंनी लागलीच शहरास वेढा घातला. सुमारे चौदा महिने तोफांचा मारा चालला होता. शहरातील लोकांचा या भांडणाशी संबंध नव्हता. तरी बाहेरून शत्रू मारी व आतून शिपाई लुटीत. मग मरीची साथ आली व शेकडो लोक दगावले. ग्रुंटलर आजारी पडून मरणाच्या दारापर्यंत गेला व पुन्हा बरा झाला. कित्येक दिवस या कुटुंबाने तळघरात काढिले.

१५५४ च्या जून महिन्यात आल्ब्रेख्त आपले सैन्य घेऊन निघून गेला, आणि शत्रूंनी आत शिरून शहरास आग लाविली. हे कुटुंब इतरांबरोबर देवळात आश्रय घेणार होते. इतक्यात एका अनोळखी शिपायाने त्यांस सांगितले की, येथे थांबू नका, शहराबाहेर पळा. त्यांनी त्याचे ऐकिले. देवळात गेलेले लोक धुराने गुदमरून मेले. तो शिपाई कोण, कोठला, हे त्यांस कधी कळले नाही.

बाहेर लुटारूंनी त्यांचे सर्वस्व घेतले, अंगावरचे कपडेही सोडिले नाहीत. पतीस दोन वेळा धरिले. त्यास सोडविण्यास बाईजवळ देण्यासारखे काही उरले नव्हते; ती देवाचा धावा करीत राहिली, आणि तो सुटून आला. अनवाणी, केस मोकळे, अंगावर कोणाचे तरी मागून घेतलेले फाटके वस्त्र, अशा स्थितीत ती सुमारे पंधरा मैलांवरील हामेलबुर्ग गावी चालत गेली. वाटेत तिला ताप भरला. ग्रंथसंग्रह व तिच्या हातचे बहुतेक सर्व लिखाण श्वाइनफुर्टच्या आगीत जळाले. आता ग्रुंटलरही आपल्या मायदेशातच निर्वासित झाला. देश न सोडताही मनुष्य बेघर होऊ शकतो.

४. लागलेले दार व उघडलेले दार

आता या पाठाचा मुख्य भाग आहे. हामेलबुर्गच्या लोकांनी त्यांस आत घेतले, पण भीत भीत. जिंकलेल्या राजांचा रोष आपणांवर येईल असे त्यांस वाटे. चार दिवसांनी, बाईच्या अंगात ताप असताच, त्यांस निघावे लागले. पुढील एका गावी तेथल्या अधिकाऱ्याने त्यांस अडकवून ठेविले, कारण श्वाइनफुर्टहून पळालेल्यांस ठार मारावे असा आपल्या धन्याचा हुकूम आहे असे तो म्हणे. वरून सुटकेचा निरोप येईपर्यंत ती तिघे जीव मुठीत धरून बसली.

या लोकांस दुष्ट म्हणावे काय? आम्ही तसे म्हणत नाही. त्यांस खरेच भय होते आणि त्या भयास कारणही होते. तापाने फणफणलेल्या परक्या बाईस घरी ठेवावे, तर आपल्या मुलाबाळांवर संकट येईल, असा विचार पुष्कळ सज्जन माणसे करितात. परंतु त्यांचे भय ज्यांच्यावर पडते, त्यांस मात्र रस्त्यावर जावे लागते. भय खरे आहे एवढ्याने दार लावणे योग्य ठरत नाही.

यानंतर एका अनोळखी सज्जनाने त्यांस पैसे दिले. मग रीनेक येथील सरदाराने त्यांचा आदराने सत्कार केला, आणि शेवटी ती एर्बाखच्या सरदार घराण्याकडे पोहोचली. तेथे बाई पुष्कळ आजारी होती. सरदाराच्या पत्नीने, जी मोठ्या राजकुळातील होती, स्वतः तिची शुश्रूषा केली व तिला वस्त्रे दिली. बाईने आपल्या बहिणीस या घराविषयी मोठ्या आनंदाने लिहिले: येथे घरधनी रोज सकाळी घरच्या मंडळीस जमवून शास्त्र वाचून दाखवितो, आणि आपल्या रयतेच्या घरोघरी जाऊन त्यांचा समाचार घेतो. वाचकांनी ध्यानात आणावे की, जे घर रोज सकाळी शास्त्र वाची, त्याच घराचे दार उघडे होते.

एर्बाखच्या सरदारांच्या शिफारशीने त्या प्रांताच्या राजाने ग्रुंटलरास हायडेलबर्ग विद्यापीठात वैद्यकीचा अध्यापक नेमिले. अशा रीतीने १५५४ साली हे कुटुंब त्या शहरी आले.

आता मोराटोच्या घरच्या पाहुण्याची गोष्ट पुन्हा आठवावी. क्युरियोने या वेळी स्वित्झर्लंडात बाझेल शहरी अध्यापक होता. ऑलिंपियेचे ग्रंथ जळाल्याचे ऐकून त्याने व तेथील छापखानेवाल्यांनी तिला नवे ग्रंथ पाठविले. त्यांत होमरही होता. बापाने ज्या निर्वासितास आपल्या घरी ठेविले, त्याने बारा वर्षांनी त्या बापाच्या निर्वासित मुलीचे रिते घर ग्रंथांनी भरिले. बापाने हे पाहिले नाही. परंतु पाहुणचाराचे बीज पेरणाऱ्याच्या हयातीतच उगवावे असा नियम नाही.

५. शेवटचे दिवस

हायडेलबर्ग येथे बाईची प्रकृती पुन्हा सुधारली नाही. ताप व खोकला तिला सोडीना. तरी ती स्वस्थ बसली नाही. आपली बालमैत्रीण ॲना, जी आता फ्रान्समधील गीझची डचेस होती, तिला पत्र लिहून तिने विनविले की, विश्वासामुळे छळ सोसणाऱ्या निरपराध लोकांसाठी राजापाशी रदबदली कर. त्या पत्राने फ्रान्समधील छळ थांबला नाही. तरी १५६० साली आम्ब्वाझ येथे सुधारलेल्या मताच्या पुष्कळ लोकांस ठार मारिले, तेव्हा ॲना ते पाहू शकली नाही व रडली, असे इतिहासकार सांगतात.

शेवटच्या दिवसांत बाईने क्युरियोनेस पत्र लिहिले. जळालेल्या कवितांपैकी ज्या तिला आठवल्या, त्या पुन्हा उतरून तिने पाठविल्या व त्या तपासून सुधाराव्यात अशी विनंती केली. पतीने पुढे लिहून ठेविले आहे की, मरणाच्या थोडे आधी झोपेतून जागी होऊन ती हसली, व सुंदर, स्वच्छ प्रकाशाने भरलेले एक स्थळ आपण पाहिले असे तिने सांगितले. १५५५ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २६ तारखेस तिने प्राण सोडिला. शहरात तेव्हा मरीची साथ चालू होती. थोड्याच आठवड्यांत पती ग्रुंटलर व तेरा वर्षांचा एमिलियो हे दोघेही मरण पावले. तिघांचे घर रिकामे झाले. मूलबाळ नव्हते. हायडेलबर्गात त्यांचे नाव सांगणारा नातलग कोणी उरला नाही.

मग शिला कोणी बसविली? शिलेच्या शेवटी एका फ्रेंच गृहस्थाचे नाव आहे: गीयोम रास्कालोन. रक्ताचे नाते नसताना त्याने हे काम केले. इटलीची बाई, जर्मन पती, फ्रेंच स्नेही, आणि परकी भूमी! ज्यांचे कोणी नाही त्यांचे नाव पाषाणावर कोरविणे, हाही पाहुणचारच होय.

क्युरियोनेने आपल्याजवळची व मित्रांकडची पत्रे गोळा करून १५५८ साली बाझेल येथे तिचे लिखाण छापिले. पुढील बावीस वर्षांत त्याच्या आणखी तीन आवृत्त्या निघाल्या. १५६२ ची आवृत्ती इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीस अर्पण केली होती. हायडेलबर्ग शहर पुढे १६९३ साली फ्रेंच सैन्याने जाळिले, तरी बाईचे नाव पुसले गेले नाही. आज हायडेलबर्ग विद्यापीठात विदुषी स्त्रियांना साहाय्य देणाऱ्या एका योजनेस ऑलिंपिया मोराटा हिचेच नाव दिले आहे. आणि ज्या श्वाइनफुर्ट शहरातून ती अनवाणी पळाली, तेथील एका शाळेसही तिचे नाव आहे.

६. या पाठाची शिकवण

पहिली गोष्ट ही की, निघणे या कुटुंबाच्या हाती होते, पण पोहोचणे इतरांच्या हाती होते. त्यांनी विश्वासाने देश सोडिला, हे आपण मोठ्या आदराने सांगतो. परंतु शिपायाने सावध केले नसते, अनोळखी सज्जनाने पैसे दिले नसते, एर्बाखच्या घरी बिछाना मिळाला नसता, तर त्यांचा विश्वास वाटेवरच्या एखाद्या खंदकात मरून पडला असता आणि कोणास कळलेही नसते. अब्राहामाची स्तुती करणाऱ्या मंडळीने हेही पाहावे की, अब्राहामास तंबू ठोकण्यास कोणी तरी जागा द्यावी लागते.

दुसरी गोष्ट ही की, दारी येणारा मनुष्य केवळ घेण्यास येत नाही. हामेलबुर्गच्या रस्त्यावर जी भिकारीण दिसत होती, तिच्या अंतःकरणात ग्रीक स्तोत्रे होती. फाटक्या वस्त्रावरून आत काय आहे हे दिसत नाही. आणि आत काही विद्या नसली, तरीही तो देवाच्या प्रतिरूपाने उत्पन्न केलेला मनुष्य आहेच. विद्वान असेल तरच आसरा द्यावा असा अर्थ कोणी काढू नये. एमिलियो तर नुसता पोरका होत आलेला मुलगा होता.

तिसरी गोष्ट आपल्या गावची. आजही जगात कोट्यवधी लोक घर सोडून भटकत आहेत. ते सर्व आपल्या दारी येणार नाहीत. पण दुष्काळाने गाव सोडलेले एखादे कुटुंब, ऊसतोडीच्या टोळीतील तापाने पडलेली एखादी बाई, कामासाठी दूर प्रांतातून आलेला व आपली भाषा न येणारा एखादा मजूर, ही माणसे आपल्या मंदिराच्या पायरीपर्यंत येतात. त्यांस चार दिवसांनी जा म्हणावे, की बिछाना घालावा, हे ठरविणे मंडळीच्या हाती आहे. आणि असा एखादा परका आपल्या गावी मरण पावला, तर मंडळीच्या वडिलांनी त्याचे नाव नोंदवहीत लिहावे व कबरेवर निदान एक दगड बसवावा. रास्कालोनने एवढेच केले, म्हणून आज आपण या तिघांची नावे घेत आहोत.

विचारासाठी प्रश्न

१. ग्रुंटलर व ऑलिंपियाबाई यांनी लिंझची जागा का नाकारिली? आपण नोकरी पत्करताना कोणता प्रश्न आधी विचारितो?

२. हामेलबुर्गच्या लोकांचे भय व एर्बाखच्या घराचे धैर्य यांत भेद कोणता? आपल्या मंडळीस कशाचे भय वाटते?

३. मोराटोने क्युरियोनेस दिलेल्या आसऱ्याचे फळ कोणास मिळाले? आपल्या वाडवडिलांच्या पाहुणचाराचे फळ आपणांस कोठे मिळाले आहे?

४. आपल्या कबरस्तानात नाव नसलेल्या कबरा कोणाच्या आहेत? गावातील वृद्धांस विचारून ती नावे लिहून काढता येतील काय?

प्रार्थनेचा विषय : जी कुटुंबे आज रात्री वाटेवर आहेत ती, व ज्यांच्या दारी ती उद्या पोहोचतील, त्या घरांस धैर्य मिळावे म्हणून.